मला पुस्तकं वाचून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

माझं इतिहासाचं एम. ए. झालं. फोनवर आभार मानायला गेले तर “अगं, त्यात काय, माझा वेळ जातो” म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही केलंत ते वेळ घालवणं नव्हतं.

मला दिसत नाही. इंग्रजी पुस्तकं स्क्रीन रीडर बऱ्यापैकी वाचतो. जुन्या मराठी पुस्तकांचं तसं नाही. स्कॅन केलेल्या पानावरची जोडाक्षरं संगणक भलतीच ओळखतो आणि निम्मं वाक्य वाया जातं. मला गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागावर, अभ्यास करायचा होता, आणि त्यावरचं कितीतरी लेखन अशाच छपाईत अडकलेलं. तिथे माणूसच लागतो.

सत्तरी ओलांडल्यावर तुम्ही लालबागच्या घरात, शेजारचे कुकर वाजायच्या आत, पहाटे फोनवर रेकॉर्डिंग करायला बसू लागलात. सुरुवातीचं वाचन गोष्ट सांगितल्यासारखं होतं. संदर्भ द्यायला पान क्रमांक लागतो, तळटीप कुठे सुरू होते नि कुठे संपते ते कळावं लागतं, असं मी म्हटलं. पुढच्याच फाइलमध्ये ते सगळं होतं. तक्ते वाचताना प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव घ्यायचं, हे तर तुमचं तुम्हीच शोधलंत. आणि नकाशा! “दक्षिणेकडे तोंड करून उभी आहेस असं समज. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला बंदर.” मग त्यात एकेक गिरणी ठेवत गेलात. मुंबई मला अशी कुणी कधी दाखवली नव्हती.

अशी पुस्तकं रेकॉर्ड करणं कायद्यात बसतं का, ही शंकाही तुम्हीच काढलीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने आमच्यासारख्यांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक आणायला मुभा दिली आहे, हे कळल्यावरच पुढचं पुस्तक उघडलंत.

१९८२च्या गिरणी संपाचं प्रकरण मी अजून ऐकते. १८ जानेवारीला सुरू झालेला संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व, सगळं एका सुरात वाचलंत. मग थांबून म्हणालात, “आता पुढचं पुस्तकातलं नाही, माझं आहे.” गावी परतलेली बिऱ्हाडं, वाण्याची उधारी, यजमानांची कायमची सुटलेली पाळी, शिवणाच्या मशीनवर तुम्ही चालवलेलं घर. आणि शेवटी, “माझं संपलं. पान ११२.” छापलेलं आणि भोगलेलं यांची सरमिसळ तुम्ही होऊ दिली नाहीत. तुमच्या परवानगीने ते बोलणं मी लघुप्रबंधाला मौखिक साधन म्हणून जोडलं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.

ज्येष्ठांना मन रमवायला काहीतरी द्यावं, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. मी तुमच्याकडे काम घेऊन आले होते आणि तुम्ही ते कामासारखं केलंत. एखादा सन चुकला असं मी सांगितलं, तर अख्खं पान पुन्हा वाचलंत.

तुमच्या फाइल्स आता माझ्या मागच्या वर्गातली मुलंही ऐकतात. त्यांना अर्थशास्त्राची पुस्तकं हवी आहेत, यादी घेऊन येते. तुमच्या ब्रेलची बाराखडी झाली, तेव्हा या वेळी जोडाक्षरं घेऊ. त्यात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते, तेवढं बोटांना सांगून ठेवा.

मनापासून आभार, काकू.

तुमची,
विद्यार्थिनी आणि ब्रेलपुरती मास्तरीण