शिळेला खडू नको, तिरका उजेड द्या

रविवारच्या पुरवणीतील, स्कॉटलंडमधल्या किलमार्टिन गावच्या चर्चच्या आवारातील मध्ययुगीन कोरीव थडग्यांवरचा लेख वाचला. माहिती उत्तम, पण झिजलेले कोरीवकाम खडू किंवा पीठ चोळून उठावदार करण्याचा सल्ला घातक आहे. त्या भागातल्या अशा शिळा बऱ्याचदा शिस्टच्या, म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या दगडाच्या असतात. खडू घासताना सुट्या पापुद्र्यांच्या कडा निघतात. फटीत राहिलेले पीठ ओल धरते आणि बुरशीला खाद्य पुरवते. तारेचा ब्रश तर नकोच. दगडफूल खरवडताना त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थर, म्हणजे कोरलेली तलवारही जाते.

शिळा वाचायला हवा तिरका उजेड. भरदुपारी सपाट दिसणारा दगड सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर बोलू लागतो. एरवी छत्रीने सावली धरावी आणि विजेरी शिळेच्या पृष्ठभागाशी १०-१५ अंशांत, बाजूने मारावी. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून विजेरी मात्र चारही बाजूंना फिरवावी. उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या रेषेला सावली पडत नाही, त्यामुळे एका फोटोत तलवारीचे पाते हरवते आणि दुसऱ्यात नेमके तेच उठून दिसते.

आपल्याकडच्या वीरगळांवरही फोटोसाठी खडू आणि तेल सर्रास फासले जाते. निदान पुरवणीने तरी पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सातारा