पर्वतीच्या पायथ्याशी सार्वजनिक काकांचा फलक हवा, पण नीट

महोदय,

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–१८८०) यांच्या फलकाची खरी जागा पर्वतीच्या पायथ्याशी आहे. पर्वती संस्थानच्या, म्हणजे तिथल्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दल लोकांची गाऱ्हाणी होती आणि त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी काकांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असे कोणी विचारू नये म्हणून सभेने सोय करून ठेवली होती. सभासद व्हायचे तर किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे! काँग्रेस स्थापन व्हायला तेव्हा १५ वर्षे अवकाश होता.

फलकावर हेच यायला हवे. ‘थोर समाजसेवक’ हे शब्द कोणाच्याही पाटीवर चालतात, म्हणून ते वगळावेत. त्याऐवजी मुखत्यारपत्राची अट, १८७७ च्या दिल्ली दरबारात काका खादी घालून गेले ती हकीकत आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे त्यांनी घेतलेले वकीलपत्र, एवढे पुरे. मजकूर ६० शब्दांच्या आत बसवावा. उभ्याने त्याहून जास्त कोणी वाचत नाही.

आता दगडाचे. काळा ग्रॅनाइट घ्यावा, जाडी किमान २० मिमी, पृष्ठभाग मॅट. आरशासारखी पॉलिश केली की दुपारी अक्षरांऐवजी समोरची रिक्षा दिसते. अक्षरे २ ते ३ मिमी खोल कोरून घ्यावीत. फ्लेक्स किंवा स्टिकर काही उन्हाळ्यांतच पांढरा पडतो, पण कोरलेल्या अक्षरांतला रंग उडाला तरी पुन्हा भरता येतो. दोन-तीन मीटरवरून वाचायचे तर मजकुराचे अक्षर २५ मिमी तरी हवे. वेलांटी-उकारांना वरखाली जागा लागते, म्हणून ओळींतले अंतर इंग्रजी पाटीपेक्षा मोकळे ठेवावे. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

बसवताना खिळे आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. साधे लोखंड पावसात गंजून फुगते आणि दगड कोपऱ्यापासून तडकतो. मग दोष दगडाला दिला जातो. फलकाचा मध्य जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर असावा आणि वाचणाऱ्याला उभे राहायला पदपथावर जागा असावी, रस्त्यात नव्हे.

सर्वांत जास्त घोळ अक्षरजुळणीत होतो. मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये किंवा एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला की रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात आणि ‘सार्वजनिक’चा ‘सावर्जनिक’ होतो. कोरणाऱ्याकडे फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे कर्व्ह (फाँटवर न विसंबणारे रेषाकार) करून घ्यावेत, मूळ मापाची कागदी प्रत भिंतीवर चिकटवावी आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून ती वाचून घ्यावी. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. दगडावर खोडरबर चालत नाही.

राहिली उद्घाटकांची नावे. ती कोरायचीच असतील तर वेगळ्या छोट्या कोनशिलेवर, खाली. काकांच्या नावापेक्षा उद्घाटकांचे नाव मोठे असलेल्या पाट्या या शहरात पुरेशा आहेत.

आपले,
काही इतिहासप्रेमी वाचक, पुणे