सुमीच्या पोटऱ्यांसाठी

दादर, मंगळवार रात्र

प्रिय मंगल,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. रागावली असशील तर रागाव, भेटलीस की बोलून घे. इकडे सगळे ठीक. ह्यांची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा चालतोय.

आज लिहायला बसले ती सुमीसाठी. ती दसऱ्यानंतर आठ दिवस तुझ्याकडे येतेय आणि ते आठ दिवस मला वाया जाऊ द्यायचे नाहीत. मी काही सांगितलं की तिला ते दवाखान्यातलं वाटतं. तू डोळे वटारलेस की ती मुकाट्याने करते. शाळेपासून हे असंच आहे.

तिने तुला सांगितलं नसणार, पण तिच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. आठवड्यातून चार-पाच रात्री, दोन-तीनच्या सुमाराला. परवा अंधारात उडी मारून उठली आणि दाराच्या उंबऱ्यावर आपटली. हाड वाचलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. गोळ्याने माणूस मरत नाही गं, पण आपल्या वयात खुबा मोडला तर काय होतं ते मी रोज बघते.

तर पहिलं काम. गोळा आला की तिने उठायचं नाही. झोपल्या जागी गुडघा ताठ करायचा आणि चवडा नडगीकडे ओढायचा. हात पोचत नसेल तर उशाशी पंचा ठेव. तो चवड्याला अडकवून दोन्ही टोकं सावकाश ओढायची, झटका नको. पोटरी सुटेपर्यंत धरून ठेवायचं, बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटं पुरतात. सुटल्यावर मग पाय खाली सोडून टाच जमिनीवर दाबायची, हलक्या हाताने चोळायचं, हवं तर गरम पाण्याची पिशवी. आधी चोळायचं नाही. आवळलेल्या स्नायूला रगडलं की दुसऱ्या दिवशी तो ठणकतो आणि गोळा काही लवकर जात नाही. हो, मी तेच म्हणतेय. शिवाजी पार्कच्या त्या फायनलला तू सुमीची पोटरी रगडत बसलीस आणि मी ओरडत होते की चवडा वर ओढ. माझ्यामुळे हरलो असं तू आजही म्हणतेस. मी आजही ते मान्य करत नाही.

आता रोजचं. झोपायच्या आधी, अंथरूण घातल्यावर, तीन-चार मिनिटांचं काम आहे. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे भिंतीवर, एक पाय मागे. मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, कंबर पुढे न्यायची. दहा आकडे, मग सैल. असं तीनदा, मग दुसरा पाय. नंतर तेच, पण मागचा गुडघा थोडा वाकवून. हे दुसरं लोक सोडून देतात. पोटरीत मुख्य दोन स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्या वरपासून सुरू होतो, तो गुडघा ताठ असतानाच ताणला जातो. खालचा गुडघ्याच्या खालून निघतो, त्याला ताण हवा तर गुडघा वाकवावा लागतो. शेवटी जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पंचा चवड्यांना, गुडघे ताठ, आणि पाठीचा पोक न काढता कमरेतून पुढे. मांडीची मागची बाजू ओढली गेली पाहिजे. तीनदा, दहा-दहा आकडे.

सुमी काय चुकते ते सांगते, लक्ष ठेव. मागच्या पायाची बोटं ती बाहेर वळवते. त्याने तळव्याची कमान बसते आणि पोटरीला ताण पोचतच नाही. बोटं भिंतीकडे सरळ हवीत. टाच उचलते. श्वास कोंडते. आणि लवकर संपावं म्हणून हिसके देते. हिसक्याने स्नायू उलट आवळतो. ओल्या फरशीवर किंवा पायमोजे घालून करू देऊ नकोस. पायरीच्या कडेवरून टाचा लोंबकळवायचा प्रकार तिला कुणीतरी दाखवलाय, तो तर नकोच.

नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० लोकांना सहा आठवडे झोपण्यापूर्वी असे ताण दिले होते, त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले. २०१२ साली ते छापून आलं. त्याआधीच्या दुसऱ्या एका पाहणीत फायदा दिसला नव्हता, तेही तिला सांग, खोटी आशा नको. पण यात अपाय नाही आणि खर्च नाही. म्हणून सहा आठवडे पूर्ण द्यायचे, तिसऱ्या रात्री 'काही होत नाही' म्हणून सोडायचं नाही.

झोपण्याचंही बघ. ती चटईवर पालथी झोपते, पावलं मागे ताठ. पाऊल असं खाली वळलेलं असलं की पोटरी आधीच आखडून बसलेली असते, झोपेत जरा आळस दिला की तिथेच गच्च होते. पालथी झोपलीच तर पावलं गादीच्या कडेबाहेर सोडायला लाव. उताणी झोपली तर पांघरूण पायाशी सैल ठेव, खोचू नकोस. जड गोधडी चवडे खाली दाबते.

गोळे येऊ नयेत म्हणून उशीखाली साबण ठेवते, ठेवू दे. पण तिची औषधांची पिशवी उघडून बघ. कुणीतरी तिला मलेरियातून उरलेल्या क्विनीनच्या गोळ्या दिल्या होत्या. माझ्या हाती लागल्या त्या मी काढून घेतल्या. क्विनीनने गोळे थोडे कमी होतात, म्हणून तर ते इतकी वर्षं चाललं. पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स एकदम कोसळू शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेत यासाठी ते चिठ्ठीशिवाय विकणं १९९४ मध्ये बंद केलं आणि २०१० मध्ये पुन्हा बजावलं. नुसत्या पोटरीसाठी एवढा धोका कोण घेईल? मॅग्नेशियमचा डबा आहे, त्याचा आपल्या वयाच्या लोकांना फारसा उपयोग दिसलेला नाही. पोट ढाळतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर अंगावर येतं. के-२ जीवनसत्त्वाची चीनमधली चाचणी २०२४ मध्ये आली, ६५ वर्षांवरच्या लोकांना रोज १८० मायक्रोग्रॅम, आठ आठवडे. त्यात गोळे बरेच घटले. एकाच चाचणीवर मी तरी सुरू करणार नाही. आणि तिच्या जाऊबाईंना रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रोम चालू आहे, त्या गोळीच्या आड हे के-२ येतं. त्या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खातात, म्हणून जास्त भीती.

खरं मूळ मला दुसरीकडे वाटतं, मंगल. चाळीस डब्यांच्या पोळ्या. पहाटे चारपासून अकरापर्यंत ती ओट्याशी एकाच जागी उभी असते, आणि तोपर्यंत पाणी पीत नाही. का, ते तुला माहीत आहे. गॅलरीच्या टोकाचा संडास, सकाळची रांग. वर तिची बीपीची गोळी लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणारी आहे. तुझ्याकडे घरात मोरी आहे, दिवसभर थोडं-थोडं पाणी पाज. ओआरएसची पुडी रोज नको, बीपीवालीला मीठ जास्त होतं. फार घाम गेला, जुलाब झाले तर द्यायची, आणि अख्खी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. ती अर्ध्या तांब्यात विरघळवते, ते चूक आहे, फार घट्ट होतं. इथे परतल्यावर ओट्याशी एक पाट ठेवायचा, एक-एक पाय आळीपाळीने त्यावर, आणि दर तासाला दोन मिनिटं बसून चवडे वर-खाली. हे तिच्याकडून कबूल करून घे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की ती कुणाचं ऐकणार नाही.

कोलेस्टेरॉलची गोळीही तिला जूनमध्ये लागली. गोळे त्यानंतर वाढले का, नीट विचार. पण काहीही आपल्या मनाने बंद करू देऊ नकोस, ते डॉक्टर ठरवतील. चिपळूणला तुझ्या ओळखीच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, थायरॉइड, साखर, बी-१२ एवढं करून घे, पैसे मी पाठवते. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखणं सुटेना, तर तो गोळा नाही, शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते असं म्हणाली तरी मला कळव, तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो.

तुझ्या पडवीचं छप्पर झालं का? नातवाचा दात आला का? सूनबाईंना नोकरी लागली हे सुमीकडून कळलं, फार बरं वाटलं.

रात्रीच्या बसने तिला पाठवत नाही, पाय लोंबकळून सुजतात. सीएसएमटीहून मांडवीने दिवसा येईल. पनवेल गेलं की उठून डब्यात दोन फेऱ्या मारायला सांगितलंय. उतरल्यावर तिला आधी पाणी दे आणि मला फोन कर.

तुझी,
शोभा

ता. क. पंचा मी तिच्या पिशवीत घातलाय, निळ्या काठाचा. तोच वापरा, टॉवेल घसरतो.