वचन संदर्भासह वाचावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नववर्षाच्या उपासनेत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) बायबलमधील यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ असे देवाचे आश्वासन) हे ‘वर्षाचे वचन’ म्हणून कार्डांवर छापून वाटले जाते, आणि काही ठिकाणी ‘देव यंदा तुमची भरभराट करणार’ असे सांगून लगोलग दानाची पिशवी फिरवली जाते. वस्तुतः हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातले आहे; ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेले असून, आधीच्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे म्हटले आहे. आठव्या वचनात तर संदेष्ट्यांच्या भूलथापांपासून सावध राहण्याचा इशारा आहे, जो (साहजिकच) कार्डावर येत नाही. घरी पूर्ण अध्याय वाचणाऱ्यास हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बिरुया या प्राचीन नगरातील लोक प्रेषित पौलाचे बोलणेसुद्धा दररोज शास्त्रात पडताळून पाहत आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांची प्रशंसाच आहे. मग पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) प्रश्न विचारणे हा उद्धटपणा कसा? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, ते सामान्य स्त्रियांनाही स्वतः वाचता यावे म्हणूनच. पाळकांनी उपदेशाचा उतारा आदल्या रविवारी जाहीर करावा व उपासनेनंतर प्रश्नांसाठी थोडा वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

— एक वाचक, अहिल्यानगर