तक्रार : 'थेट बसणारा' सायलेन्सर गाडीखाली बसत नाही

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : स्टेनलेस कॅट-बॅक सायलेन्सर किट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचे पाइप आणि मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा) बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा सायलेन्सर सध्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे आणि गाडीला जुना, भोके पडलेलाच परत लावला आहे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत मूळ सायलेन्सर सडला, म्हणून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला. आवाज काढत फिरायची हौस मला नाही. ऑर्डर देताना मॉडेल, वर्ष आणि इंजिन कळवले होते, आणि जाहिरातीत 'कापाकापी न करता थेट बसतो' असे आपणच म्हटले आहे.

लिफ्टवर तो बसलाही. पण तेव्हा चाके लोंबकळत असतात आणि मागचा ॲक्सल बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा) खाली गेलेला असतो, त्यामुळे जागा भरपूर दिसते. गाडी जमिनीवर आली, मागे माणसे बसली, की बीम वर येतो आणि त्याच्यावरून जाणारा पाइप त्याला लागतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला खणकन आवाज. किट काढले तेव्हा पाइपच्या वाकाला खालच्या बाजूने बोटभर पट्टा घासून चकचकीत झालेला होता. हँडब्रेकच्या केबलचे आवरण एका ठिकाणी करपले आहे, आणि टेलपाइप डावीकडे सरकून बंपरची कड वितळून आत वळली आहे. बंपरचे मी एकवेळ सोडून देईन, ब्रेकच्या केबलचे सोडणार नाही.

'थंड असताना ५ मिमी जागा राहते, तेवढी पुरते,' असे आपल्या प्रतिनिधीने कळवले. पुढच्या फ्लँजपासून (पाइपच्या जोडापासून) बीमपर्यंतचा पाइप दीड-दोन मीटरचा आहे. तो ३०० अंशांनी तापला तर स्टेनलेस ८ ते १० मिमी लांबते, म्हणजे बीमच्या पुढ्यात वर चढणारा वाक जवळपास तेवढाच मागे सरकतो. शिवाय इंजिन माउंटिंगवर (रबरी टेकूंवर) हलते, त्यासोबत सायलेन्सरची सगळी लाइन हलते. हा हिशेब सायलेन्सर बनवणाऱ्याला ग्राहकाने सांगावा लागतो, याचे नवल वाटते.

फिटिंग चुकले असेल, हे उत्तरही मिळाले. मेकॅनिकने सगळे क्लॅम्प ढिले करून, लाइन रबरांवर मोकळी टांगून, पुढून मागे कसत आणून पाहिले. नवीन रबरे घालून पाहिली. मागच्या मफलरचे रबर तरीही तिरके ताणलेले राहते, कारण मफलरवरचा हँगरचा (त्या रबरात अडकवायचा) रॉडच चुकीच्या जागी वेल्ड झालेला आहे. गाडीचे ब्रॅकेट वाकले असेल म्हणावे, तर जुना सायलेन्सर त्याच ब्रॅकेटवर बरोबर मधोमध बसतो. दोन्ही मफलर शेजारी ठेवून, टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. ते पाहिल्यावर आणखी काही सांगावे लागू नये.

'स्थानिक वेल्डरकडून रॉड हलवून घ्या, बंपर थोडा कापा,' हा आपला सल्ला मला मान्य नाही. वेल्डिंग केले की वॉरंटी रद्द, हे आपल्याच वॉरंटी कार्डावर छापलेले आहे!

तेव्हा हँगर योग्य जागी असलेला मफलर आणि बीमवरचा दुरुस्त पाइप पाठवावा. पाठवण्यापूर्वी तो याच मॉडेलच्या, चाकांवर उभ्या आणि मागे वजन असलेल्या गाडीखाली लावून पाहावा. ते जमत नसेल तर किटची पूर्ण किंमत, फिटिंगची मजुरी, हँडब्रेक केबल आणि बंपर यांचा खर्च द्यावा. बिले जोडली आहेत. किट परत नेण्याची व्यवस्था आपणच करावी. इतके लांब, जड खोके कुरिअरने माझ्या खर्चाने पाठवणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. फोनवरची आश्वासने आता नकोत.

आपला,
ग्राहक, रत्नागिरी

सोबत : पावती, वॉरंटी कार्डाची प्रत, फोटो, गॅरेजची बिले