तलावातल्या बोटीला ब्रेक नसतो हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका तरुण वाचकाचं पत्र आलं होतं, की तलावातल्या बोटींना स्पीड लिमिट लावणं म्हणजे उगाच मजा घालवणं आहे, लाईफ जॅकेट नीट बांधलं की झालं. पत्र चांगलं लिहिलंय, मुलगा हुशार वाटतो. पण मी ३१ वर्षं बस चालवली, त्यातली बरीचशी घोडबंदर रोडवर, म्हणून मला राहवलं नाही.

झालं असं की एका रविवारी मी नातवाला घेऊन ठाण्यातल्याच एका तलावावर गेलो (कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या पोरांच्या पोटावर पाय नको) आणि आम्ही पेडल बोट घेतली. पेडल बोट म्हणजे काय, चालण्याच्या स्पीडने जाणार. मधोमध पोचलो आणि वॉटर स्कूटर आमच्याकडे तोंड करून सरळ आली, मागे बसलेली मुलगी मोबाईलवर शूटिंग करतेय, चालवणारा पोरगा मागे वळून तिच्याशी बोलतोय. शेवटच्या क्षणाला त्याने बघितलं, रेस सोडली, हँडल फिरवलं, आणि ती वळलीच नाही! सरळच आली. आमच्यापासून दोनेक हातांवरून गेली असेल, आमच्या बोटीत पाणी आलं आणि नातवाची चप्पल गेली. जॅकेट दोघांनी घातलेलं होतं, हेही सांगतो.

मला वाटलं पोरगा नवशिका. पण नंतर चेंदणी कोळीवाड्यातल्या एका जुन्या ओळखीच्याशी बोललो, त्याचं सगळं आयुष्य खाडीत गेलंय, तो हसला आणि म्हणाला अरे ती मशीनच तशी असते. स्कूटर मागून पाण्याचा फवारा मारून पुढे जाते आणि तो फवारा डावी-उजवीकडे फिरवला की वळते. म्हणजे रेस सोडली की फवारा बंद, आणि फवारा बंद म्हणजे स्टिअरिंग बंद. काही नवीन मॉडेलमध्ये यावर सोय केलीय म्हणे, पण भाड्याच्या जुन्या मशिनी तशाच. आता विचार करा, घाबरलेला माणूस काय करतो? रेस सोडतो. रस्त्यावर तेच बरोबर, गाडी थांबते. इथे नेमकं तेच केलं की हातातलं चाकही जातं. ब्रेक तर नाहीच. मी बस चालवायचो तेव्हा समोर माणूस आला तर पाय आपोआप ब्रेकवर जायचा, तिथे पाय कुठे मारणार?

म्हणून स्पीडचा हिशोब. ताशी ४० ने चाललेली बोट पाच सेकंदात ५५ मीटर जाते, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या पाच बस. आणि स्पीड दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगायचे. लाईफ जॅकेट पाण्यात पडल्यावर वर ठेवतं, ते पाहिजेच, वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या तेव्हा बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि कितीतरी पोरांना जॅकेटच नव्हतं. पण जॅकेट धडक थांबवत नाही. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईच्या समुद्रात एलिफंटाला निघालेल्या नीलकमल फेरीला नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, इंजिनची ट्रायल चालू होती आणि कंट्रोल सुटला, १५ जण गेले. तिथे अख्खा समुद्र होता आणि चालवणारे शिकलेले होते. आपल्या तलावात काठापासून काठापर्यंत जागा ती किती!

तरुण मित्राचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य करतो. फुल स्पीडला बोट पाण्यावर चढून चालते आणि लाट कमी मारते. कोळी मित्र पण तेच म्हणाला, सगळ्यात वाईट लाट अर्धवट स्पीडला येते, बोट नाक वर काढून ढुंगण टेकवून चालते तेव्हा. म्हणजे लिमिट लावून स्पीड अर्धवटच उतरवला तर पेडलवाल्यांचे हाल उलट वाढतील. लिमिट लावायचं तर पेडल बोटींच्या भागात ताशी १० च लावा, नाहीतर बोर्ड रंगवायचा खर्च तरी वाचवा.

इंग्लंडमध्ये विंडरमियर नावाचं मोठं सरोवर आहे, १७ किलोमीटर लांब, तिथे २००५ पासून ताशी १८ किलोमीटरच्या आसपास लिमिट आहे. नियम २००० सालीच पक्का झाला होता, पण बोटवाल्यांना पाच वर्षं सवड दिली. वादावादी तिथेही भरपूर झाली. तेवढ्या पाण्याला १८, आणि आपल्याला १० कमी वाटतात?

पण खरी गोष्ट सांगू का, स्पीड काही बोटवाला ठरवत नाही, तिकिटाची खिडकी ठरवते. त्या तलावावर मी नंतर दोन रविवार कठड्यावर भुट्टा खात बसून बघितलंय. पोरांना पैसे राउंडवर मिळतात. एक राउंड संपला की दुसरा, बाहेर लाईन, मालक शिट्टी मारतोय, मग तो हळू कशाला चालवेल? दोन प्रायव्हेट बस एकाच स्टॉपसाठी रेस लावतात त्याच्यासारखंच हे. इंजिन बंद करायची ती लाल पिळाची दोरी असते, चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची, म्हणजे तो पडला की मशीन आपोआप बंद, ती पण हँडललाच गुंडाळून ठेवलेली, कारण राउंडगणिक काढा-घाला करायला वेळ जातो. पोरांना दिवसाचा पगार द्या आणि गिऱ्हाईकाला राउंडऐवजी मिनिटांवर तिकीट द्या, अर्धा स्पीड आपोआप उतरेल.

आणि लिमिट मोजणार कोण, असं विचारतील. रडार गन वगैरे काही नको. पाण्यात १०० मीटरवर दोन लाल पिंपं तरंगत बांधा, ताशी १० ने जाणाऱ्या बोटीला मधलं अंतर कापायला ३६ सेकंद लागतात, त्याच्या आत जी पोचली तिचा नंबर लिहून घ्या. एवढंच काम आहे. घड्याळ माझ्याकडे आहे आणि रविवारी संध्याकाळी मी फुकट बसायला तयार आहे, फक्त मी नंबर लिहून दिल्यावर तो घेणारा कोणीतरी तिथे असू द्या.

आपला,
एक रिटायर्ड बस ड्रायव्हर,
वागळे इस्टेट, ठाणे