दत्तक मांजर घरात सोडण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर खोक्यातल्या पिल्लांचे फोटो फिरतायत, 'घर पाहिजे' म्हणून. घ्या, जरूर घ्या, पण आमच्याकडे काय झालं ते वाचा आणि मग घ्या.

माझे मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. मागच्या वर्षी तिथल्या पोत्यांमागनं एक बोका घरी आणला, पांढराशुभ्र पण चारी पाय पिवळे, म्हणून नाव हळद्या. घरात आधीच दोन होती, मनी आणि बंड्या, दोघांना दरवर्षी थ्री-इन-वन लस दिलेली त्यामुळे आम्ही बिनधास्त. दोन दिवस फिसफिस झाली, तिसऱ्या दिवशी तिघं एका ताटलीत दूधभात खायला लागली, हळद्या मनीचं डोकं चाटत बसायचा, आम्ही कौतुकानं फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. तो फोटो आता बघवत नाही.

चार महिन्यांनी हळद्या वाळायला लागला, ताप हटेना, हिरड्या पांढऱ्याफटक. एका दवाखान्यात दोन आठवडे नुसती तापाची इंजेक्शनं झाली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताचे दोन-तीन थेंब किटवर टाकले आणि दहा-पंधरा मिनिटांत कळलं, फेलाइन ल्युकेमिया व्हायरस, म्हणजे मांजरांचं रक्त आणि प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू. घरातल्या दोघांचंही तपासलं. बंड्या निगेटिव्ह, मनी पॉझिटिव्ह.

तेव्हा कुठं समजलं की थ्री-इन-वन मध्ये पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) आणि हर्पिस, कॅलिसी (सर्दी-पडशाचे विषाणू) एवढंच येतं, ल्युकेमिया त्यात नाहीच. नावं सारखी वाटतात, इथंच आमच्यासारखी माणसं फसतात. ल्युकेमियाचा व्हायरस लाळेतून जातो, म्हणजे एकमेकांना चाटणं, एक ताटली, एक पाण्याचं भांडं. आपण ज्याला प्रेम म्हणतो तेच की हो! त्याच किटवर एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा विषाणू, पण कळतो, तो मुख्यतः खोल चाव्यातून जातो, त्यामुळे गल्लीत मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांना जास्त. माणसाला यातलं काही होत नाही, सासूबाईंना हे चारदा सांगावं लागलं.

अजून एक, एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही. लागण नवीन असेल तर महिना-दोन महिने टेस्टमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ल्युकेमियाची टेस्ट महिना-दीड महिन्यानं परत करायची आणि एफआयव्हीची दोन महिन्यांनी. आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर लगेच रडारड नको, आईकडनं आलेल्या अँटिबॉडीजमुळे पण तसं येतं, मोठं झाल्यावर पुन्हा बघायचं. तोवर नव्या पाहुण्याला वेगळी खोली, वेगळी ताटली, वेगळा मातीचा ट्रे. जागा नसेल तर बाथरूम चालेल, पण किमान दोन आठवडे तरी, कारण पॅनल्युकोपेनिया असेल तर तो तेवढ्यात बाहेर पडतो. तो तर भलताच चिवट, घरात वर्षभर टिकतो, चपलेला लागून पण येतो, सॅनिटायझरला दाद देत नाही, ब्लीचच लागतं.

आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून मांजर पोत्यात घालून कृष्णेच्या घाटावर सोडू नका. एक तर ते पाप, वर तिथल्या सगळ्या मांजरांना लागण. एफआयव्हीवालं मांजर नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं जगतं. ल्युकेमिया जास्त वाईट, तरी तिथंही लगेच सगळं संपत नाही.

आपला जिल्हा दुधाचा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आधी, ते बरोबरच आहे. पण तिथं या किटचा एखादा डबा ठेवला तर काय बिघडतं? आणि पिल्लं वाटणाऱ्या मंडळींनी द्यायच्या आधी टेस्ट करून, निकालाचा फोटो पण सोबत टाकावा, नुसतं 'खूप गोड आहे' लिहून काय उपयोग. मांजर आडवं गेलं तर आपण चार पावलं मागं येतो, घरात आणताना मात्र काहीच बघत नाही.

हळद्या दिवाळीच्या आधी गेला. मनी वरच्या खोलीत असते, खाते-पिते, उन्हात पडते. बंड्याची टेस्ट दुसऱ्यांदाही निगेटिव्ह आली. तो जिन्यात बसतो आणि बंद दाराकडं बघून ओरडतो, रोज रात्री.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली